उंबरठ्यावरचा पहारा
(फ्लूची नाकातली लस आणि नॅनोकण या विषयावर मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून येथे छापीत आहोत.)



वर्धापनदिनाच्या आनंदात रोगराईचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आपल्या चिटणीसबाईंची मागणीच तशी होती. त्या म्हणाल्या, "आरोग्यावर बोला, पण काही नवे सांगा. हळददूध आणि वाफारा आम्हाला ठाऊक आहे." म्हणून आज फ्लूच्या नाकातल्या लसीविषयी आणि ती लस सुधारण्यासाठी शास्त्रज्ञ जे अतिसूक्ष्म कण वापरून पाहत आहेत त्यांच्याविषयी बोलणार आहे. या कणांना नॅनोकण म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यामागचा विचार चूल-पाणी सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला सहज कळेल असा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पडसे म्हणजे फ्लू नव्हे. पडशाने नाक वाहते, डोके जड होते, पण बाई तशीच उठून स्वयंपाकाला लागते. फ्लू मात्र धडधाकट माणसाला काही तासांत अंथरुणावर पाडतो. ताप फणफणतो, अंग मोडून येते, आणि म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे, मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रोगी यांच्या बाबतीत तो फुप्फुसापर्यंत उतरून जिवावर बेततो.

आपल्या पणजीच्या पिढीने त्याचे उग्र रूप पाहिले होते. त्या साथीला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले, आणि साथीची चाहूल लागली. पावसाळा सरता सरता ती दुप्पट जोराने उसळली. त्या ऑक्टोबरात मुंबईत एका दिवसात सातशेहून अधिक माणसे दगावल्याची नोंद आहे. साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे गेली. त्यांत पुरुषांपेक्षा बायकांचे प्रमाण जास्त होते. दुष्काळाचे वर्ष, बायकांचे पोट आधीच अर्धे, आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसायचे तेही त्यांनीच.

इतके मागे जायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आपल्या पुण्यातच गेला. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा, बंद शाळा, तोंडाला बांधलेले रुमाल, कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या, हे सारे येथे बसलेल्या बहुतेकींनी पाहिलेले आहे.

हा रोग करणारा विषाणू किती लहान असतो? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. फ्लूचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा असतो. आपल्या एका केसाच्या जाडीत असे सात-आठशे विषाणू शेजारी-शेजारी बसतील. त्याच्या अंगावर दोन तऱ्हेच्या प्रथिनांचे काटे असतात. एकाने तो आपल्या पेशीला चिकटतो. दुसरे कात्रीसारखे काम करते, आणि त्याच्या जोरावर नवे विषाणू पेशीपासून सुटून पुढे पसरतात. 'एच १ एन १' या नावातली अक्षरे याच दोन काट्यांची. हा विषाणू पक्का बहुरूपी आहे. काट्यांचे रूप तो सारखे बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची लस यंदा पुरी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बसून पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते वाण घालायचे ते ठरवतात.

आता लसीकडे वळू. दंडात टोचायची फ्लूची लस १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाली, आणि आजही तीच आपला मुख्य आधार आहे. ती टोचली की रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी झुंजणारी द्रव्ये, तयार होतात. रोग फुप्फुसाकडे उतरू लागला की ती कामी येतात आणि आजार बळावू देत नाहीत. हा लाभ लहान नाही. पण विषाणू शिरतो नाकातून. रक्तातली प्रतिपिंडे नाकाच्या अस्तरावर थोडीच पोहोचतात. म्हणजे रखवालदार आहेत खरे, पण ते माजघरात बसलेले. चोर ओसरीवर आला तरी त्यांना पत्ता नसतो. त्यामुळे टोचून घेतलेल्या माणसालाही हलका फ्लू होऊ शकतो, आणि त्याच्याकडून तो घरातल्या दुसऱ्याला लागू शकतो.

नाक, घसा, आतडी यांच्या ओल्या अस्तरांसाठी निसर्गाने वेगळा पहारा ठेवला आहे. त्या प्रतिपिंडाला 'आय.जी.ए.' म्हणतात. बाळंतिणीच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, हेच द्रव्य भरपूर असते. चीक फेकू नका, बाळाला पाजा, असे आपण घरोघर सांगत असतो त्याचे हे एक मोठे कारण. हा पहारा बसवायचा तर अस्तरालाच शिकवावे लागते. पोलिओचे थेंब आठवा. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी आपण कडेवरच्या पोरांना घेऊन रांगा लावल्या. ते थेंब तोंडातून देत, कारण पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि थेंबांमुळे आतड्याच्या अस्तरातच पहारा बसतो. तोच न्याय फ्लूला लावला म्हणजे लस नाकात द्यायला हवी.

तशी लस निघालेलीही आहे. विषाणूला थंड हवेत वाढवून वाढवून इतका नरम करतात की नाकाच्या गारव्यात तो थोडासा वाढतो, पण फुप्फुसाच्या उबेत त्याचे काही चालत नाही. अमेरिकेत अशी लस २००३ मध्ये मंजूर झाली. प्रत्येक नाकपुडीत एक मिलिलिटरचा दहावा भाग फवारला की झाले. रशियात तर असे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. १९५७ च्या साथीतल्या विषाणूपासून लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी जे नरम वाण तयार केले, त्याच्याच आधाराने आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकातली लस काढली. साथ येऊन गेल्यावर वर्षाच्या आत आपल्या गावात हे घडले, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

मग अडले कुठे? अडले ते असे, की ही लस जिवंत विषाणूची आहे. नरम केलेला असला तरी तो जिवंतच. म्हणून गरोदर स्त्रीला ती देत नाहीत, प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्याला देत नाहीत, आणि अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना व पन्नाशीच्या पुढच्या माणसांनाही देत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी दाराशी पहारा हवा, नेमकी तीच माणसे वगळली जातात. शिवाय ही लस लागू पडायला विषाणू नाकात थोडा तरी वाढावा लागतो. मोठ्या माणसांना फ्लू आधी कधीतरी होऊन गेलेला असतो. त्यांचे नाक त्याला रुजण्याआधीच हुसकून लावते आणि लस वाया जाते. अमेरिकेत २०१६ नंतरच्या दोन हंगामांत, या लसीतला एक वाण नीट काम देत नाही असे दिसून आल्यावर, ती वापरू नये असा सल्ला तेथील तज्ज्ञ समितीने दिला होता. वाण बदलल्यावर २०१८-१९ च्या हंगामापासून ती पुन्हा वापरात आली.

येथे कोणीही विचारील, की जिवंत विषाणू नको तर त्याच्या काट्यांचे नुसते प्रथिन नाकात घालावे. ते का करीत नाहीत? करून पाहिले आहे. पण आपले नाक मोठे खट्याळ आहे. मिरच्यांचा खाट बसला की शिंका येतात, चुलीचा धूर गेला की नाकाला पाणी सुटते. आत आलेले काहीही बाहेर घालवायचे हेच त्याचे काम. नाकाच्या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो, आणि त्याखालचे अतिबारीक केस तो थर एकसारखा घशाकडे ढकलीत असतात. नाकात घातलेला थेंब पंधरा-वीस मिनिटांत बराचसा घशातून पोटात जातो. उरलेल्या प्रथिनाचे नाकातली विकरे तुकडे करतात. यातूनही जे वाचेल त्याकडे शरीर फारसे लक्ष देत नाही, कारण दिवसभर धूळ, परागकण, पीठ नाकात जातच असते. प्रत्येकावर ते धावून जाऊ लागले तर आपले जिणे मुश्कील होईल.

नॅनोकणांची गरज पडते ती येथे. लसीचे प्रथिन सुटे न घालता ते एखाद्या कणात भरायचे किंवा त्याच्या अंगावर बसवायचे. कण काही दहा ते काही शेकडा नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण विषाणूच्याच मापाचा. त्याच्याकडून चार कामांची अपेक्षा असते. पहिले, प्रथिन सांभाळणे. पुरणावर पोळीचे आवरण असते तसे हे आवरण. दुसरे, अस्तराला चिकटून राहणे, म्हणजे लस लगेच वाहून जात नाही. तिसरे, आत पोहोचणे. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात टॉन्सिलसारख्या गाठी आहेत. तेथे टेहळणी करणाऱ्या पेशी असतात, आणि विषाणूच्या मापाचा कण त्या चटकन उचलतात. चौथे, ओळख पटवणे. एकेकटे प्रथिन विरघळलेले असले तर शरीर त्याकडे काणाडोळा करते; पण तेच प्रथिन एका कणावर ओळीने बसवलेले दिसले की विषाणूच आल्यासारखा त्याला वाटतो आणि ते जोराने कामाला लागते. कण मात्र निर्जीव. त्याला ना वाढता येते, ना रोग करता येतो. म्हणून ही युक्ती साधली तर गरोदर सुनेला आणि सत्तरीच्या सासूला, दोघींनाही नाकातली लस देता येईल अशी आशा आहे.

हे कण कशाचे करतात ते ऐकून आपल्याला गंमत वाटेल. एक पदार्थ कायटोसान. कोळंबी आणि खेकडे यांची जी कवचे आपण कचऱ्यात टाकतो त्यांपासून तो काढतात. नाकातल्या शेंबडावर ऋण विद्युतभार असतो, कायटोसानवर धन, म्हणून तो तेथे चिकटतो. मघाशी एका भगिनींनी हळूच विचारले, "आम्ही माळकरी. आम्हाला कसे चालायचे?" तर कायटोसान बुरशीपासूनही काढता येतो. दुसरा पदार्थ पी.एल.जी.ए. नावाचा. हे नाव अनोळखी असले तरी वस्तू अनोळखी नाही. बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत जे आपोआप विरघळणारे टाके घालतात, त्यांतले काही याच जातीच्या धाग्याचे असतात. त्याचे कण शरीरात हळूहळू विरघळतात आणि आतले प्रथिन थोडे थोडे सुटत राहते. तिसरा प्रकार तेलाच्या कणांचा. सोयाबीनचे तेल पाण्यात इतके बारीक घुसळायचे की त्याचे थेंब काही शे नॅनोमीटरचे व्हावेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातून निघालेल्या अशा मिश्रणात फ्लूचे प्रथिन घालून ते सुमारे दोनशे निरोगी माणसांच्या नाकात देऊन पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लस सोसवली आणि तिने प्रतिकारही निर्माण केला, असे त्यात दिसले. चौथा प्रकार सोन्याच्या कणांचा. टेक्सास टेक विद्यापीठात विषाणूच्या ज्या भागात फारसा बदल होत नाही असा एक तुकडा सोन्याच्या कणांवर बसवून, सोबत शरीराला जागे करणारे एक द्रव्य देऊन, उंदरांच्या नाकात घातला. ते उंदीर फ्लूतून वाचले. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुरूप्याचा न बदलणारा भाग पकडला, तर दरवर्षी नवी लस घेण्याची कटकट वाचेल, हा त्यामागचा विचार.

सोने म्हटल्यावर कोणाला बाळगुटीत उगाळायच्या सोन्याच्या वळ्याची आठवण होईल. त्या दोहोंचा काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगते. प्रयोगशाळेतल्या कणावर फ्लूच्या विषाणूचा तुकडा मोजून बसवलेला असतो. रोगाची ओळख तो तुकडा करून देतो, सोने नव्हे. उगाळलेल्या सोन्याने फ्लूला अटकाव होत नाही.

आतापर्यंत गुण सांगितले. आता जे सांगणार आहे ते कोणत्याही नव्या औषधाबद्दल लक्षात ठेवावे असे आहे. २००० सालच्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची एक निर्जीव नाकातली लस विक्रीला आली. विषाणूच्या कवचाचे पोकळ कण तिच्यात होते, म्हणजे एका अर्थी ते नॅनोकणच. शरीराला अधिक जागे करावे म्हणून त्यांच्या जोडीला जुलाब करणाऱ्या एका जंतूचे विष अत्यल्प प्रमाणात घातले होते. लस घेणाऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू लागली. पापणी मिटेना, तोंड वाकडे झाले. डॉक्टरांच्या ध्यानात आल्यावर लस मागे घेण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, लस घेणाऱ्यांना हा धोका इतरांच्या मानाने सुमारे १९ पट होता, आणि दर दहा हजार लस घेणाऱ्यांमागे सुमारे १३ जणांना हा जादा त्रास झाला होता. संशय मुख्यतः त्या विषावर गेला.

या आकड्यांचा हिशेब घरच्या वहीत मांडावा तसा मांडून पाहू. दहा हजारांत १३, म्हणजे हजारात एखाद-दुसरा. चेहरा लुळा पडण्याचा विकार एरवीही कधीमधी होतोच. मग हजार माणसांवर चाचणी घेतली आणि एकाला असे झाले, तर तो योगायोग की लसीचा दोष, हे कोण सांगणार? नाक मेंदूच्या अगदी शेजारी आहे. वासाची नस नाकाच्या छतातून थेट मेंदूकडे जाते. म्हणून नाकात घालायच्या प्रत्येक नव्या कणाची परीक्षा उंदरांवर, मग थोड्या माणसांवर, मग हजारो माणसांवर, आणि बाजारात आल्यावरही अनेक वर्षे करावीच लागते. "इतकी वर्षे झाली, अजून लस का येत नाही?" असे विचारण्याआधी स्वित्झर्लंडच्या त्या बायामाणसांची आठवण ठेवावी.

नॅनोकण म्हणजे सारेच धोक्याचे, असाही अर्थ कोणी काढू नये. करोनाच्या साथीत २०२० च्या अखेरीपासून परदेशांत कोट्यवधी लोकांना ज्या आर.एन.ए. लसी टोचल्या, त्यांतले नाजूक द्रव्य स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणांतच गुंडाळलेले होते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या आर.एन.ए. लसीला २०२२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, तीही तैलकणांच्या आधारावर बेतलेली. मात्र या टोचायच्या लसी. दंडात जे चालले ते नाकात चालेलच असे धरून चालत नाही. फ्लूची नॅनोकणांची नाकातली लस अजून आपल्या दवाखान्यांत आलेली नाही. उंदराच्या नाकातून माणसाच्या नाकापर्यंतची वाट लांब आहे, आणि ती कोणी घाईने तुडवू नये.

मग तोवर आपण काय करावे? आहे ती टोचायची लस घ्यावी. गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले, वृद्ध, जुनाट आजाराचे रोगी आणि रुग्णसेवा करणारे यांना ती दरवर्षी द्यावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतली तर तिची प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने राखतात. आपल्या भागात पावसाळ्यात फ्लू जोर करतो, म्हणून त्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. आपल्या घरांत मुलांच्या लसी तारखेवार लागतात आणि सासू-सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असतात, पण घरच्या बाईची लस तेवढी राहून जाते. १९१८ मध्ये जी आजाऱ्याच्या उशाशी बसली होती, तिच्या नातीने आणि पणतीने तरी एवढे स्वतःसाठी करावे.

मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्या गल्लीतल्या गरोदर स्त्रिया आणि साठीपुढची माणसे यांची एक वही ठेवावी, आणि मे महिन्यात त्यांच्या दारी जाऊन आठवण करून द्यावी. हे आपल्या मंडळाला मुळीच जड नाही.

आणखी एक. पुढेमागे नव्या नाकातल्या लसीची चाचणी पुण्यात झाली आणि आपल्यापैकी कोणाला तीत भाग घ्यायला बोलावले, तर भिऊन पळू नये आणि भिडेखातर होही म्हणू नये. चार प्रश्न विचारावेत. या लसीत काय काय आहे? याआधी ती किती माणसांना दिली? त्रास झाला तर माझ्या उपचाराची जबाबदारी कोणाची? मधेच नको म्हटले तर चालेल ना? चारांची उत्तरे मराठीत, समजतील अशी मिळाली आणि मनाला पटली, तरच सही करावी. आपण घेतो त्या प्रत्येक लसीमागे अशी सही करणारी कोणीतरी माणसे असतात, याचीही जाणीव असावी.

 मंडळाचे पुढचे वर्ष आपणा सर्वांना निरोगी जावो.